लाखाचा प्रोसेसर आणि मांडवातला आवाज

मागच्या चैत्रात पाचोऱ्याकडचा एक पोरगा घरी आला. लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, हात गोड आहे. मोबाइल पुढे धरून म्हणाला, "दादा, हाई लेऊ का नको?" फोटोत पायाने चालवायचा एक चकाचक डिजिटल प्रोसेसर होता. खाली लिहिलेली किंमत वाचून मी आधी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. लाखाच्या बरीच पुढे. त्या वर्षी केळीला भाव बरा मिळाला होता आणि त्याचे आबा पैसे द्यायला तयार होते, तीच खरी अडचण होती. आबांनी नाही म्हटलं असतं तर मला डोकं चालवावं लागलं नसतं.

त्या संध्याकाळी मी त्याला बरंच सांगितलं, पण निम्मं राहून गेलं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची आणखी चार पोरं आता तेच विचारताहेत, म्हणून एकदा नीट लिहून काढतो. घ्या किंवा घेऊ नका असं मी सांगणार नाही. या डब्यात आत काय चालतं आणि तुमचे पैसे त्यातल्या कोणत्या गोष्टीला जातात, एवढं कळलं की निर्णय तुमचा तुम्हाला करता येईल.

आधी मूळ साखळी बघू. गिटारच्या तारेखाली पिकअप असतो. तार हलली की त्यात अगदी बारीक वीज तयार होते. ती पेडलांतून, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या छोट्या डब्यांतून जाते, मग ॲम्पमध्ये, ॲम्पमधून मोठ्या स्पीकरच्या पेटीत. त्या पेटीपुढे माइक लावतात आणि माइकची वायर मिक्सरला जाते. हातातल्या गिटारपासून श्रोत्याच्या कानापर्यंत एवढे टप्पे. फ्लोअर प्रोसेसर म्हणजे पेडल, ॲम्प, स्पीकरची पेटी आणि माइक हे सगळं गणिताने एका डब्यात बसवलेलं. एका टोकाला गिटार खुपसा, दुसऱ्या टोकाची वायर साउंडवाल्याला द्या, झालं.

इथे एक गंमत आहे. या यंत्रांवर परदेशातले गिटारवाले नाराज होतात ते एका कारणाने. खोलीत शेजारी व्हॉल्व्हचा ॲम्प पेटला की छातीवर जो धक्का बसतो, तो यात येत नाही म्हणतात. बरोबरच आहे, कारण यंत्र आवाज देतं तो माइकने पकडलेल्या ॲम्पचा. पण भुसावळ-जळगावात आमच्यापैकी किती जणांनी तसा ॲम्प प्रत्यक्ष ऐकला होता? तीस किलोचा तो ऐवज मॅटाडोरमध्ये टाकून नेणार कोण? आम्ही आवाज ओळखले ते कॅसेटमधून, आणि कॅसेटमधला आवाज माइकमधूनच गेलेला होता. त्यामुळे त्यांना जी उणीव वाटते ती आपल्याला जाणवायचं फारसं कारणच नाही. माझ्या मते हे यंत्र त्यांच्यापेक्षा आपल्या सोयीचं आहे. किंमत सोडली तर.

आता आत शिरू. वीज आत आली की यंत्र तिची उंची मोजायला लागतं. सेकंदाला ४८,००० वेळा मोजणं हा चांगल्या प्रोसेसरांत रुळलेला वेग आहे. काही यंत्रं ९६,००० वेळा मोजतात, बॉसचा २०१८ मध्ये आलेला जीटी-१००० त्यातला. मोजलेला प्रत्येक आकडा म्हणजे एक नमुना. पुढचा सगळा खेळ या आकड्यांचा. त्यांच्यावर गणित करायचं आणि शेवटी पुन्हा त्यांची वीज करून बाहेर सोडायची.

डिस्टॉर्शन म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, त्याचं गणित शेतात उभं राहून समजतं. ज्वारीचं ताट वाऱ्यावर डोलतंय, त्याच्या शेंड्याची वरखाली म्हणजे तुमचा सूर. आता विळा एकाच उंचीवर धरून शेंडे छाटले तर वरचा भाग सपाट होतो. लाटेचा माथा असा सपाट झाला की मूळ सुरात नसलेले वरचे सूर त्यात जन्माला येतात, आणि कानाला ते करकरीत, भरदार वाटतं. व्हॉल्व्हचा ॲम्प विळा चालवत नाही. तो शेंड्यांवर हळूहळू हात दाबत आणतो. हलकी तार छेडली तर दाब कमी, जोरात छेडली तर जास्त. ही दाबण्याची रीत किती बारकाईने उतरवली आहे यात स्वस्त आणि महाग यंत्राचा पहिला फरक दिसतो. पण तो जोरदार डिस्टॉर्शनमध्ये शोधू नका, तिथे सगळेच पास होतात. अर्धवट फुटणाऱ्या आवाजात बघा. गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणा, हात हलका-जड करा, आवाज तुमच्या बोटामागे येतो का ऐका. स्वस्त यंत्र तिथे दोनच गोष्टी जाणतं, साफ किंवा फाटलेलं. मधला प्रदेश त्याला माहीत नसतो.

यात एक खोडी आहे. शेंडे छाटल्यावर जन्मलेले सूर फार वर जातात. सेकंदाला ४८,००० वेळा मोजणारं यंत्र २४,००० हर्ट्झच्या वरचं काही नीट धरू शकत नाही. त्याच्या वरचा सूर गुपचूप खाली मुडपून येतो आणि भलत्याच ठिकाणी वाजतो. लग्नाच्या व्हिडिओत मांडवातला पंखा कधी उलटा फिरताना दिसतो ना? कॅमेऱ्याची मोजणी पंख्यापेक्षा हळू पडते म्हणून तसं होतं. आवाजात तेच झालं की उंच पट्टीवर तार ओढताना मागे एक बेसूर, चिरका खडखडाट येतो. यावर उपाय असा की तेवढं छाटणीचं गणित अनेक पटींनी वेगात करायचं, नको ते सूर गाळायचे आणि मग मूळ वेगावर यायचं. त्याला ताकदीची चिप लागते. महाग यंत्राच्या किमतीतला एक हिस्सा या न ऐकू येणाऱ्या कामाचा आहे.

ॲम्प गणितात आणायच्या दोन रीती आहेत आणि जाहिरातींतला सगळा गोंधळ त्यांच्यामुळे आहे. आपण भरिताचं उदाहरण घेऊ. कुणाच्या हातचं भरीत तुम्हाला हुबेहूब करायचंय. एक रीत अशी की वांगं कुठलं, कपाशीच्या काड्यांवर किती वेळ भाजलं, हिरवी मिरची किती, तेल किती, हे एकेक समजून घ्यायचं आणि त्याच क्रमाने करायचं. सर्किटचा एकेक भाग घेऊन नक्कल करणारी यंत्रं हेच करतात. फ्रॅक्टल ऑडिओचा ॲक्स-एफएक्स आणि लाइन ६ चा हेलिक्स ही त्यातली मोठी नावं. कृती हातात असल्यामुळे मिरची कमी-जास्त करता येते. ॲम्पचा कोणताही खटका फिरवा, खऱ्यासारखाच प्रतिसाद मिळायला हवा.

दुसरी रीत म्हणजे कृती न विचारता नुसतं चाखत राहायचं आणि तीच चव जमेपर्यंत आपलं भरीत सुधारत राहायचं. केम्पर कंपनीने दशकाहून आधी ही वाट मोठी केली, आणि न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स २०२१ मध्ये आला तो याच कामासाठी गाजला. खऱ्या ॲम्पमध्ये ठरावीक आवाज पाठवतात, बाहेर काय आलं ते ऐकतात आणि मशीन स्वतःला तसं वळवून घेतं. त्याला कॅप्चर म्हणतात. चव अगदी जवळ जाते, पण ती त्या दिवशीच्या ताटातली. ॲम्पचे खटके त्या वेळी जिथे होते तिथलीच ती नक्कल. नंतर मिरची कमी करायला गेलात तर वरून साखर भुरभुरल्यासारखं होतं. म्हणून कुणी हजारो कॅप्चर मिळतात असं सांगितलं तर भाळू नका. हजार ताटं चाखत बसणाऱ्याचं पोट बिघडतं आणि रियाज राहून जातो.

तिसरा तुकडा स्पीकरच्या पेटीचा, आणि माझं म्हणणं आहे की निम्म्याहून जास्त टोन इथेच ठरतो. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या पुढे झपाट्याने मंद होतो. तो गाळणारा नसेल तर डिस्टॉर्शन म्हणजे पत्र्याच्या डब्यात अडकलेली गांधीलमाशी. पेटीची नक्कल कशी करतात ते विहिरीच्या काठावर कळतं. कोरड्या विहिरीत वाकून एक टाळी वाजवा. परत जे घुमत येतं त्यात विहिरीची खोली, रुंदी, दगडी बांधकाम सगळं आलं. ते घुमणं टिपून ठेवलं की पुढे कुठलाही आवाज त्या विहिरीत कसा घुमेल ते हिशेबाने काढता येतं. कारण कुठलाही आवाज म्हणजे लहानमोठ्या टाळ्यांची रांगच. पेटीची अशी टिपलेली टाळी म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, आपल्या पोरांच्या तोंडी आयआर. त्यात २,०४८ नमुने असतील तर ती सेकंदाच्या विसाव्या भागाएवढीसुद्धा धड भरत नाही. तरी सरळ पद्धतीने केलं तर सेकंदाला जवळजवळ दहा कोटी गुणाकार लागतात. इतकं करूनही एक गोष्ट हुकते. विहीर हळू टाळीला आणि जोराच्या टाळीला सारखंच उत्तर देते, खरा स्पीकर जोर पडल्यावर थोडा वेगळा वागतो.

आयआरबद्दल गुपित नसलेलं एक गुपित सांगतो. ती साधी फाइल आहे, मध्यम किमतीच्या बऱ्याच यंत्रांत बाहेरची आयआर भरता येते. माझ्या जुन्या प्रोसेसरचा आवाज मला आठ वर्षं पातळ वाटत होता. एक बरी आयआर भरली आणि मीच मला शिव्या घातल्या.

आता माझ्या एका फजितीवर येतो. त्या संध्याकाळी ती ऐकून पोरगा आधी हसला होता आणि नंतर गप्प झाला होता.

भुसावळजवळ एका लॉन्सवर संगीतचा कार्यक्रम होता. नवीन पॅच, म्हणजे यंत्रात साठवलेली एकेका आवाजाची जुळणी, बनवायला मी चार रात्री घालवल्या होत्या, हेडफोन लावून, घरचे झोपल्यावर. क्लीन म्हणजे साफ टोनला दोन्ही कानांत फिरणारा कोरस नावाचा इफेक्ट, लीडला खाली भरगच्च बेस आणि वर झगमग. हेडफोनमध्ये मीच मला मोठा कलाकार वाटत होतो. लॉन्सवर पहिलं गाणं सुरू झालं. मी सुरुवातीचे तुकडे छेडले आणि कीबोर्डवाला माझ्याकडे वळून म्हणाला, "आवाज कथा गया रे?" वाजत होतं, पण कुठेतरी पाण्याखाली. घाबरून लीडचा पॅच दाबला तर पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं झालं. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी पदर कानावर घेतला. साउंडवाल्याने माझा चॅनल खाली ओढला आणि उरलेली रात्र मी बहुधा एकट्यासाठी वाजवली.

झालं काय होतं? दोन गोष्टी. आपल्याकडच्या बहुतेक मांडवांत साउंड मोनो असतो. डावं-उजवं एकत्र करून एकच आवाज सगळ्या स्पीकरांना जातो. स्टीरिओ कोरसमध्ये डावीकडची लाट वर असताना उजवीकडची खाली असते, हेडफोनमध्ये त्यामुळेच ती फिरल्यासारखी वाटते. दोन्ही एका वायरीत घातल्या की एकमेकींना खातात. माझा क्लीन टोन असाच स्वतःला खाऊन बसला होता. उपाय फुकटचा आहे. यंत्रातून मोनो बाहेर काढा, आणि घरीही मोनो करूनच पॅच बनवा.

दुसरी गोष्ट कानाची. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मोजून १९३३ मध्ये दाखवलं की आवाज हळू असला की कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, मधले जास्त. आवाज वाढला की ही दरी भरत जाते. घरात रात्री तुम्ही साधारण ७० डेसिबलला ऐकत असता, मांडवात ९५-१०० सहज होतात. घरी कानाला बेस कमी वाटला म्हणून तुम्ही वाढवता, झगमग कमी वाटली म्हणून तीही वाढवता. मांडवात कान दोन्ही पुरेपूर ऐकतो. बेस घुमायला लागतो, वरचं टोचायला लागतं. त्यात खालची जागा ढोलक आणि बेस गिटारने आधीच धरलेली असते. गिटारची स्वतःची जागा मधली, आणि घरी गोड लागावा म्हणून तोच मधला भाग आपण कापलेला असतो.

तेव्हापासून माझा नियम असा. लीडच्या पॅचमध्ये ८०-१०० हर्ट्झच्या खालचं कापायचं, कारण जाड तार उघडी वाजवली तरी ती ८२ हर्ट्झच्या आसपास असते. वरून ६,००० च्या जवळ कापायचं. मधला भाग घरी थोडा उद्धट वाटेल एवढा ठेवायचा. आणि कार्यक्रमाआधी अर्धा तास लवकर जाऊन खऱ्या स्पीकरवर ऐकायचं. पाच हजाराचा प्रोसेसर असो नाहीतर दोन लाखांचा, हे केलं नाही तर दोघांचं तोंड सारखंच वाईट दिसतं.

हे ऐकून पोरगा म्हणाला, "मंग लाख रुपया कसाले?" प्रश्न रास्त होता.

लाखातला मोठा वाटा चिपला जातो. शेतात मोटार एक आणि तिच्यावर ठिबकच्या किती लाइन सोडायच्या हा हिशेब तुम्हाला माहीत आहे. प्रोसेसरची चिप ही तशी मोटार. ॲम्प ही मोठी लाइन, आयआर दुसरी, चांगला रिव्हर्ब, म्हणजे खोलीत घुमल्याचा भास, तिसरी. फरक एवढाच की शेतात लाइन वाढली की दाब कमी होतो, यंत्रात दाब कमी होत नाही, ते पुढची लाइन जोडूच देत नाही. हेलिक्समध्ये एका पॅचमध्ये ३२ पर्यंत ब्लॉक, म्हणजे अशा लाइनी, बसवता येतात. त्याच कंपनीचा छोटा एचएक्स स्टॉम्प २०१८ मध्ये आला तेव्हा सहाच ब्लॉकवर थांबायचा, पुढे सॉफ्टवेअर बदलून आठ केले. पण दोघांमधली ॲम्प आणि पेडलांची गणितं एकाच घरची आहेत, आणि हे नीट लक्षात घ्या. मोठ्या भावाचे जादा पैसे आवाज चांगला करायला लागत नाहीत, जास्त गोष्टी एका वेळी चालवायला, जास्त बटणांना आणि जास्त वायरी खुपसायच्या जागांना लागतात. तुमच्या पॅचमध्ये ड्राइव्ह (आवाज फाडणारं पेडल), ॲम्प, आयआर, डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब एवढंच असेल तर आठात भागतं. मोजून बघा, मी मोजलं तेव्हा सहाच निघाले.

मग बटणं. ज्याने मेडलीत वाजवलंय त्याला हे सांगावं लागत नाही. क्लीनवरून लीडवर जाताना जुन्या यंत्रात पॅच बदलतो तेव्हा पापणी लवेपर्यंत आवाज तुटतो, आणि डिलेची शेपटी मध्येच कापली जाते. नव्या यंत्रांत एकाच पॅचच्या आत चार-आठ अवस्था साठवता येतात. कुणी त्यांना सीन म्हणतं, कुणी स्नॅपशॉट. एक बटण दाबलं की ड्राइव्ह चालू, डिले वाढला, आवाज थोडा वर, सगळं एकदम आणि न तुटता. लग्नाच्या स्टेजवर खरा फरक मला इथे वाटतो. क्वाड कॉर्टेक्समध्ये पायाची बटणं हाताने फिरवून खटक्यांसारखीही वापरता येतात, ही कल्पना मला फार आवडली. मोठा टचस्क्रीनही छान, फक्त हळदीच्या दुपारी उन्हात त्यावर स्वतःचा चेहरा दिसतो.

आवाज उशिरा येतो का, असंही पोरं विचारतात. मोजायला आणि गणिताला वेळ लागतोच, चांगल्या यंत्रात दोन-चार मिलिसेकंद. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट चालतो, म्हणजे स्पीकरपासून दहा फूट लांब उभं राहिलात तर त्याहून जास्त उशीर रोजच सोसता. चिंता तेव्हा करा जेव्हा वायरलेस, प्रोसेसर, डिजिटल मिक्सर आणि कानातला मॉनिटर असे चार उशीर एकावर एक चढतात. तेव्हा बोट आणि सूर यांच्यात कापूस भरल्यासारखं वाटतं.

आता आपल्याकडचं खास दुखणं, वीज. एका गावात हळदीला जनरेटरवर कार्यक्रम होता. डीजेवाल्याने बाजूला बेस सोडला, दिवे डोळा मिटल्यासारखे झाले आणि माझा प्रोसेसर बंद होऊन परत सुरू व्हायला लागला. हा छोटा संगणकच आहे, उठायला वेळ घेतो. अंतऱ्याची जागा आली आणि माझ्यापुढे कंपनीचं नाव झळकत होतं. साध्या पेडलला हे होत नाही, वीज आली की ते वाजतं. तेव्हापासून संगणकाचा लहान यूपीएस सोबत नेतो. प्रोसेसर फारशी वीज खात नाही, तेवढ्यात काही मिनिटं सहज निघतात. दुसरं म्हणजे अर्थिंग. तुमची तार एका बोर्डावरून आणि गायकाचा माइक दुसऱ्या बोर्डावरून असेल आणि अर्थिंग धड नसेल, तर गाताना ओठाला झटका बसतो. साउंडवाल्याच्याच बोर्डावरून वीज घ्या. गुंजारव आला तर यंत्राच्या मागचा ग्राउंड लिफ्टचा खटका वापरा, प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. आणि मिक्सरवर ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे माइकसाठी वायरीतून सोडलेली वीज, चालू असेल तर तो तुमच्या चॅनलवर बंद करायला सांगा. काही यंत्रांना तो मागच्या दाराने शिरलेला चालत नाही. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, काचा बंद केलेल्या गाडीत तर विचारूच नका. यंत्र सीटवर ठेवून जेवायला जाऊ नका.

खरेदीचं थोडक्यात. दुबईहून मेहुणा स्वस्तात आणतोय असं असेल तर भारतात त्याची वॉरंटी चालते का ते आधी विचारा, बहुतेकदा चालत नाही. बिघडलं तर दुरुस्ती मुंबई-पुण्याकडे, आणि ऐन वैशाखात महिनाभर यंत्र गेलं तर कमाई गेली. डिजिटल वस्तू मोबाइलसारखी जुनी होते. हेलिक्स २०१५ चा, वर्षानुवर्षं फुकट सुधारणा मिळत राहिल्या, तरी २०२५ मध्ये त्याची पुढची पिढी जाहीर झालीच. वापरणाऱ्याला त्यात धसका घ्यायचं काही नाही, उलट जुन्या पिढीचं चांगलं ठेवलेलं यंत्र अशा वेळी कमी भावात सापडतं. आणि पैसे टाकण्याआधी घरच्या संगणकावर न्यूरल ॲम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर टाकून बघा. ते फुकट आहे. गिटार संगणकाला जोडायला साधा ऑडिओ इंटरफेस लागेल. तिथे तुम्हाला दोन ॲम्पमधला फरक ऐकू येत नसेल, तर लाखाच्या डब्यातही येणार नाही.

पोराला मी तोंडी एवढं सांगून सोडलं नाही. धुळ्याच्या एका मित्राकडे फोटोतलं तेच यंत्र होतं. एका दुपारी ते आणि माझं मध्यम किमतीचं, दोन्ही घेऊन पाचोऱ्याच्या लॉन्सवर साउंड चेकला गेलो. साउंडवाल्याला दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यायला लावलं. हे विसरू नका, जरा मोठा असेल तोच आवाज कानाला चांगला वाटतो आणि दुकानदाराला ते ठाऊक असतं. पोराला चाळीस पावलं मागे, जिथे खुर्च्या संपतात तिथे पाठ करून उभं केलं. तोच तुकडा मी दोन्हींवर आलटून-पालटून वाजवला. जोरदार डिस्टॉर्शनमध्ये तो निम्म्या वेळा चुकला, म्हणजे छापा-काटाच झाला. अर्धवट फुटणाऱ्या आवाजात मात्र दहापैकी आठदा महागडं ओळखलं. मला वाटलं होतं त्याहून त्याचा कान चांगला निघाला. मग तो स्टेजवर आला, महागड्याच्या बटणांवर पाय ठेवला, क्लीनवरून लीडवर न तुटता गेला आणि स्वतःशीच हसला. मी त्याला विचारलं, "किती वेळा लागतं असं, एका रात्रीत?" तो बोटं मोजायला लागला.

शेवटी त्याने त्याच घरातला लहान भाऊ घेतला, जोडीला पायाची दोन जादा बटणं आणि एक यूपीएस. मोनो पॅच मांडवातच बसून बनवले. उरलेल्या पैशांचं काय केलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "आबानी ठिबकन्या नळ्या बदली टाक्यात."